होऊन गेलेल्या लग्नाचा चाकू

कुरवंड्याच्या कोंडाजीला चाकूंचा नाद होता. नाद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पत्ते येतात, ताडी येते, तमाशाची वाट येते. ह्या बाबाचा नाद असा की त्याच्यापायी बायकोनं रडू नये, हसावंच. मिटते चाकू. पातं मुठीत दुमडून खिशात टाकायचे ते. विलायती, जर्मन, कुठले कुठले. भाताची चार खाचरं, दोन म्हशी आणि नागफणीच्या कड्यावरचा मध एवढ्यावर ज्याचं घर चालायचं, त्या गड्याला असले चाकू करायचे होते काय, हे गावानं त्याला विचारून पाहिलं होतं. "बगायला," एवढंच तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पहिली जर्मन लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. कोंडाजी रोज सकाळी दूध घेऊन लोणावळ्याला जायचा. घाट चढवणाऱ्या इंजिनांवरचे ड्रायव्हर तिथं रेल्वेच्या क्वार्टरांत राहायचे. त्यांतल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या मडमेला त्याचा मध पसंत पडला आणि बदल्यात तिनं नवऱ्याचा जुना चाकू त्याच्या हातावर ठेवला. वाटेनं कोंडाजी तो उघडत आणि मिटत घरी आला. घरी आला तेव्हा चरवी क्वार्टरातच विसरली होती.

बाकीचं शिक्षण त्याला वाहिदनं दिलं. वाहिद म्हणजे लोणावळ्याच्या बाजारातला शिकलगार, विळ्या-कात्र्यांना धार लावून देणारा. पुण्याच्या जुन्या बाजारातून तो गाठोडंभर मोडके-धडके चाकू आणायचा आणि दुरुस्त करून विकायचा. दोघं साधारण एकाच वयाचे, दोघांनाही कमी बोलायची सवय. दूध घालून झालं की कोंडाजी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि गाठोडं सुटायची वाट बघायचा. वाहिद सांगायचा ते असं. आधी कान. उघडताना कमान, म्हणजे पातं ताणून धरणारी मुठीतली पोलादी पट्टी, बोलली पाहिजे. खट् असा एकच आवाज, मागं कुरकुर नको. मग डोळा. पातं आणि कमान यांच्या मधून उजेड दिसला तर तो चाकू गाठोड्यात परत. मग पातं चिमटीत धरून बाजूला हलवायचं. हललं की खिळा झिजला समजायचं. मिटताना टोक आत कुठं आपटतं का, तेही ऐकायचं. आणि मूठ सगळ्यात शेवटी बघायची, कारण मूठ माणसाला भुलवते. कोंडाजीनं हे सगळं मनावर घेतलं. वीस चाकू हातात घ्यावेत तेव्हा त्याला एक पटायचा. मध, तूप, करवंदाची पाटी, काहीबाही देऊन तो घरी आणायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

बायको विठाबाई. ती त्या चाकूंना सवती म्हणायची. संध्याकाळी हा डबा काढून बसला की चुलीपुढून विचारायची, "झालं का सवतींना त्याल लावून? मग जेवायला वाडू?" कोंडाजी हसायचा. दोघांचं चांगलं होतं. एकुलता पोर नथू, बापासारखाच अबोल, कड्यावर मधाला उतरायचा तेव्हा विठाबाई देवाजवळ बसून राहायची आणि तो वर आला की आधी त्याला शिव्या घालायची.

नथूचं लग्न ठरलं लोहगडवाडीच्या रतनशी, वैशाखात. लढाईचं ते शेवटचं वर्ष.

आपल्याकडं रीत अशी की हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार यायची. तिच्या टोकाला लिंबू खोचायचं आणि हळद उतरेपर्यंत ते लोखंड त्याच्या हातून सुटू द्यायचं नाही. त्या दिवसांत नवरदेवावर सगळ्यांच्या नजरा असतात, बऱ्या आणि वाईट, म्हणून ही राखण. कोंडाजीच्या घरात आजा-पणज्यापासूनची एक कट्यार होती खरी, पण पातं गंजून काळं पडलेलं आणि मूठ सुतळीनं आवळलेली. एवढे निवडून आणलेले चाकू घरात असताना आपल्या पोरानं ती गंजकी कट्यार धरायची, हे काही कोंडाजीच्या मनाला येईना. त्यानं ठरवलं, नथूच्या हातात आपल्या डब्यातला चाकू द्यायचा.

कोंडाजीची थोरली बहीण शालूबाई लग्नाला आधीच येऊन राहिली होती. तिनं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मिटनारं हत्यार नवरदेवाच्या हातात? आपल्यात कुनी दिलं न्हाई आजवर. उगडं लोखंड पायजे तितं."

"अगं आक्का, उगडाच राहनार हाय त्यो."

"मिटतो त्यो मिटतोच."

विठाबाईनं पदर तोंडाला लावला. "असू द्या हो वन्सं. त्यांची हौस हाय. एकच तर पोरगा, पुन्यांदा कुटं लगीन करायचंय."

असं म्हणून ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली, आणि विषय तिथंच मिटला.

कोंडाजीनं घोंगडीवर सगळे चाकू मांडले. निवडता निवडता दोन उरले. एक सांबरशिंगाच्या मुठीचा, रांगडा, बघायला काही नाही, पण कमान अशी की उघडताना नख दुखावं. दुसरा शिंपल्याच्या मुठीचा. पांढरीशुभ्र मूठ, हलवली की तिच्यात गुलाबी-हिरवी झाक फिरायची, पातं बारीक आणि लांब. लोणावळ्याच्या एका बंगल्यातून तो त्याला मिळाला होता आणि साऱ्या डब्यात त्याच्या तोडीचं देखणं दुसरं काही नव्हतं. कोंडाजीनं दोन्ही चाकू धार लावायला वाहिदकडं नेले आणि कशासाठी हवेत ते सांगितलं.

वाहिदनं शिंपल्याचा दोनदा उघडला, मिटला आणि कोंडाजीच्या पुढं ठेवला.

"कोंडाजीभाऊ, ह्याची कमान मऊ आहे. फळं कापायला ठीक. नवरदेवाला शिंगाचा द्या."

"एका दिसाचं तर काम हाय वाहिद. आन् शेपाचशे मानसं बघनार."

"तुम्हाला कळतं ते मी काय सांगू?" वाहिद म्हणाला आणि दोन्हींना धार लावून दिली.

कोंडाजीला खरंच कळत होतं. कमान मऊ आहे हे चाकू घरी आणला त्याच दिवशी त्याच्या कानानं ओळखलं होतं. पण त्या मुठीनं त्याला भुलवलं. पोराच्या हातात तीच बघायची होती त्याला, दुसरं काही नाही. बापाची हौस, काय बोलायचं तिला.

लग्न दणक्यात लागलं. डफ-सनई, पंचक्रोशीतली माणसं, मांडवात पाय ठेवायला जागा नाही. नथू अंतरपाटाच्या अलीकडं उभा, हातात तो चाकू, टोकाला लिंबू. येणारा जाणारा मूठ निरखून जायचा आणि कोंडाजीची छाती फुगायची. शेवटची मंगलाष्टका झाली, अंतरपाट ओढला, तांदळाचा मारा झाला आणि मागची पोरं-माणसं एकदम पुढं रेटली. कुणाचं तरी कोपर पात्याच्या पाठीला लागलं. हात हळदीनं आणि तेलानं बुळबुळीत झालेला. चाकू मिटला, नथूच्या बोटावर.

लिंबू खाली पडून कुणाच्या तरी पायाखाली गेलं. नथू हसला, बोट मुठीत दाबलं, पण तांदळावर रक्ताचे थेंब पडलेच. विठाबाई मागं बायकांत होती, तिला गर्दीत काही दिसलं नाही. शालूबाईनं बघितलं. तिनं एकवार कोंडाजीकडं नजर टाकली. मग मान खाली घालून आत गेली. नंतर जेवणावळी झाल्या, लापशी वाढली, कुणीतरी म्हणालं रक्त निघालं ते बरंच झालं, सगळं विघ्न तेवढ्यावर गेलं. कोंडाजीनंही तसंच मानून घ्यायचा प्रयत्न केला.

पावसाळा सरला. भादव्यात खालच्या गावांत मानमोडीचा ताप आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मान धरायची, अंग फणफणायचं आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत आटपायचं. विठाबाईचा भाऊ परंदवडीला अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. ती नथूला म्हणाली, जा बाबा, मामाला बघून ये. कोंडाजी म्हशीची धार काढत होता. तिथूनच म्हणाला, "चार दिस थांबला तर? तिकडं ताप हाय म्हनत्यात." पण ते त्यानं म्हणण्यापुरतं म्हटलं. विठाबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिली आणि नथू गेला. मामा वाचला. नथू परतला तो डोळे लाल करून, आणि आला तो झोपलाच. पाणी पाणी करायचा. चौथ्या दिवशी सकाळी गेला.

त्या पंधरवड्यात गावात इतकी माणसं गेली की रडायला यायलाही शेजारी उरले नव्हते. ज्याच्या त्याच्या घरात मढं. नथूला न्यायला चार खांदे कसेबसे जमले. तिरडी बांधताना कोंडाजीनं पोराचा हात छातीवर सरळ केला, आणि त्याची नजर बोटावर गेली. वैशाखातली जखम भरली होती, पण खूण होती. पांढरी, आडवी, नखाएवढी. ती खूण बघितली आणि ताप, परंदवडी, गावातली बाकीची मढी, सगळं त्याच्या मनातून गेलं. हे आपण केलं. राखणीचं लोखंड आपण मऊ कमानीचं दिलं, आणि पोरावरची राखण भर मांडवात मिटली. वाहिदनं सांगितलं होतं. आक्कानं सांगितलं होतं. आपल्या कानानं सांगितलं होतं.

राख सावडून आला तशी त्यानं घरातून बिस्किटाचा डबा उचलला, नागफणीच्या वाटेनं कड्यावर गेला आणि डबा खाली दरीत भिरकावला. आवाजसुद्धा वर आला नाही.

त्यानंतर त्या घरात बोलणं राहिलं ते एवढंच: म्हस सुटली, वैरण संपली, भाकरी घेता का. नथूचं नाव विठाबाईच्या तोंडून निघालं नाही आणि कोंडाजीच्याही नाही. रतन वर्षभर त्या दोघांच्या मधे राहिली. सासू चुलीपुढं, सासरा ओट्यावर, आणि ही पोर कधी आत तर कधी बाहेर. वर्षानं तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. पुढं त्यानं तिचा दुसरीकडं पाट लावून दिला, तेही बरंच केलं. जाताना ती दोघांच्या पाया पडली. विठाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण तोंडातून शब्द नाही. कोंडाजीला वाटलं, आता ही माझ्याकडं वळेल आणि जे म्हणायचं ते म्हणून टाकेल. ती वळली नाही.

तेच त्याचं वाट बघणं झालं. विठाबाईनं एकदा तरी तोंड उघडावं. शिव्या द्याव्यात, तळतळाट द्यावा, तुमच्या सवतींनी माझा पोर खाल्ला म्हणावं. मग तो म्हणाला असता, व्हय, खाल्ला. पण ती काही बोलेना आणि आपण होऊन सांगायला त्याची जीभ रेटेना. कारण तिला तर अर्धंच माहीत होतं. चाकू मिटला एवढं माहीत असेल. मऊ आहे हे ठाऊक असून दिला, हे नव्हतं. ते कळल्यावर ही बाई आपलं तोंड तरी बघेल का?

दोन वर्षं त्यानं चाकूला हात लावला नाही. वाहिदच्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडं करायचा. लढाई संपली होती आणि पुण्याच्या बाजारात पलटणीतल्या सामानाचा नुसता पूर आला होता. एक दिवस वाहिदनंच हाक मारली, चहा मागवला. गाठोडं सुटलेलं होतं. कोंडाजी बसला आणि बघता बघता त्याचा हात एका चाकूवर गेला. काळी मूठ, जाडजूड पातं, शिपायाचा चाकू. त्यानं उघडला. कमान बोलली. पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवून त्यानं जोर दिला, आणखी दिला, अंगठा पांढरा पडेपर्यंत दिला. पातं हललं नाही.

"ह्यो उगडा ऱ्हायला असता," तो म्हणाला.

वाहिदला कळलं. तो चहा पीत राहिला.

तिथून कोंडाजीचा नवा साठा सुरू झाला. गावाला वाटलं, चला, म्हातारा सावरला, जुन्या नादाला लागला. पण ह्या खेपेची निवड आधीसारखी नव्हती. आता मूठ तो बघायचाच नाही. शिंग असो, लाकूड असो, फुटकी असो, त्याला फरक पडत नव्हता. वाहिदकडं दहा कसोट्या लावून चाकू घरी यायचा आणि खरी परीक्षा पुढं घरी व्हायची. संध्याकाळी तो ओट्यावर उभा राहायचा. तळहाताला गोडं तेल आणि हळद चोळायचा. चाकूच्या टोकाला लिंबू खोचायचा आणि कोपरात हात वाकवून, नवरदेव उभा राहतो तसा उभा राहायचा. पाची मंगलाष्टका होतील इतका वेळ. मग डाव्या हाताच्या कोपरानं पात्याच्या पाठीला दणका द्यायचा. एकदा, दोनदा, दहादा. जो तसूभर हलला, तो दुसऱ्या दिवशी वाहिदकडं परत. नाही हलला तर लिंबाच्या रसानं काळं पडलेलं पातं राखेनं घासून, तेल लावून नव्या डब्यात. वर्षाकाठी एखाददुसरा टिकायचा. आणि जो टिकला तोही महिन्याभरानं पुन्हा बाहेर यायचा, पुन्हा हळद, पुन्हा दणके, आणि कधी कधी तोही नापास व्हायचा.

येणारे-जाणारे हसायचे. पिवळ्या हाताचा कोंडाजी असं नावच पडलं. विठाबाई चुलीपुढून बघायची. हळदीचा डबा रिकामा झाला की गुपचूप भरून ठेवायची आणि बोलायची काही नाही. त्याला ते चुलीपुढचं बघणं पाठीत टोचायचं. तो मनात म्हणायचा, बघ बाई, बघून घे, अजून निवडतोय.

सोयरिकीतल्या मारुतीच्या घरी लग्न निघालं तेव्हा तो एकदा आला. त्यांची कट्यार कुणीतरी मागून नेली होती आणि परत आली नव्हती.

"आबा, तुमच्याकडं एवढे हायत, त्यातला एक द्या की. दोन दिसांनी आनून देतो."

कोंडाजीनं डबा काढला, उघडला, एकेक चाकू हातात घेऊन खाली ठेवला. बराच वेळ गेला.

"ह्यातला एकबी द्यायच्या लायक न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"आबा, बाजारात न्हाईत असले."

"तू कट्यारच घे बाबा. कुटूनबी घे. उगडं लोखंड घे." आणि त्यानं झाकण लावलं. मारुती रागावून गेला.

वाहिदजवळ कधीतरी त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. तोच तेवढा एकदा स्पष्ट बोलला. "भाऊ, हे लग्न होऊन गेलं. माझ्या दुकानात सापडायचं नाही तुम्हाला ते. घरी जा, वहिनींशी बोला."

"काय बोलू?"

"मला सांगितलंत ते सांगा."

कोंडाजी उठला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली सुद्धा. घरी आला, विठाबाई भात कांडत होती, तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा मुसळ उचललं. तो हातपाय धुऊन ओट्यावर जाऊन बसला. असं एकदा नाही, कितीदा झालं असेल. धडधाकट माणूस, कड्यावरून दोराला लोंबकळत मधाची पोळी काढलेला. एवढं एक बोलायला त्याला झालं नाही. वर्षं अशीच गेली. पंधराएक तरी गेली.

मग एका माघात विठाबाईच्या पायांना सूज आली आणि दम लागायला लागला. लोणावळ्याच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि कोंडाजीला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज थकलंय, जपा. तेव्हापासून तो तिला सकाळी उन्हं आली की धरून अंगणात आणायचा आणि घोंगडीवर बसवायचा. स्वतः ओट्यावर. हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून चाकू काढायचा. त्या दिवशीही तळहाताला हळद लावून उभा होता.

"नथूच्या बा," विठाबाई म्हणाली.

कोंडाजीच्या हातातला चाकू खाली आला. इतक्या वर्षांत त्या अंगणात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"हितं या. बसा. माजं एक ऐकून घ्या, मग मी सुटले."

तो तिच्याजवळ येऊन बसला. आलं, त्याला वाटलं. आता ही बोलणार. ज्याची भीती होती तेच, पण कुठंतरी सुटल्यासारखंही झालं.

"तुमी मला कंदी बोलला न्हाईत," ती म्हणाली. "दुसरा कुनी असता तर केस धरून घराभाईर काडली असती. तुमी एका शब्दानं टाकून बोलला न्हाईत. लय उपकार झाले तुमचे."

"कशापायी बोलायचं तुला?"

"आता कशाला इचारता वं. म्या धाडला न्हवं त्याला परंदवडीला. तुमी म्हनला व्हता, थांब चार दिस, तिकडं ताप हाय. म्या ऐकलं न्हाई. भाऊ माजा, म्हनून घायकुतीला आले. भाऊ जगला आन् पोर गेला. म्या मारला त्याला." तिला दम लागला, ती थांबली. "त्या दिसापास्नं तुमी घरात बोलनं टाकलंत. म्या म्हनलं, खरं हाय त्यांचं. काय तोंडानं बोलतील माज्याशी."

कोंडाजीला काही उमजेना. परंदवडी. आपण तसं म्हणालो होतो? म्हणालो असू. म्हशीखाली बसून कधीतरी काहीतरी म्हटलेलं वाक्य, ते ह्या बाईनं पंधरा वर्षं उरावर घेतलं होतं.

"अगं, तुजा काय दोस त्यात," तो म्हणाला, आणि मग जे वाटेवर शंभरदा जुळवलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं, न जुळवता. शिंपल्याची मूठ, मऊ कमान, वाहिदनं सांगितलं ते, आक्का म्हणाली ते, मला म्हाईत व्हतं गं, म्हाईत असून दिला. सांगता सांगता म्हातारा रडायला लागला.

विठाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "कंचा चाकू?"

"लग्नातला. मांडवात मिटला त्यो."

"बोट कापलं व्हतं, त्ये व्हय?" ती आठवत म्हणाली. "म्या संध्याकाळी बगितलं की. हळद दाबली, फडकं बांदलं. लगीनघरात कापतं, भाजतं. त्याचं काय एवढं." आणि मग तिची नजर त्याच्या पिवळ्या तळहातावर आली आणि तिथंच राहिली. "म्हंजी हे रोजचं... हळद लावून उबं राहनं... ह्याच्यापायी?"

त्यानं मान हलवली.

"मला वाटायचं, तुमी मला दावताय. पोराची हळद दावताय. बग म्हनून, कसा नवरदेव खाल्लास."

कोंडाजीनं तो हात आधी धोतराला पुसला, मग तिच्या हातावर ठेवला. दोघं तशीच उन्हात बसून राहिली. शेजारची बाई पाणी घेऊन चालली होती, तिनं बघितलं आणि पदर पुढं ओढून निघून गेली.

पुढं जेमतेम होळीपर्यंत विठाबाई राहिली. पण ते दिवस ती दोघं जी बोलली, जी बोलली, त्याला सुमार नाही. म्हशीच्या धारा खोळंबायच्या, भाकरी करपायची. सारं बोलणं नथूचं. तो रांगताना चुलीत हात घालायला निघाला ते, मधमाशा चावून तोंड टम्म सुजलं ते, शाळेतल्या मास्तरांना भिऊन पेंढ्यात लपला ते. विठाबाई हसायची आणि मग डोळ्यांना पदर लावायची. "किती दिस फुकट घालवले वं आपन," असं तिनं एकदाच म्हटलं. मधेच भांडायचीसुद्धा. नथू पहिल्यांदा चालला तो कुठं? विठाबाई म्हणायची माहेरी, परंदवडीला, मामाच्या अंगणात. कोंडाजी म्हणायचा हितंच, गोठ्यापुढं, तुला आठवत न्हाई. ती म्हणायची, मी आई हाय, मला आठवायचं न्हाई तर कुनाला? त्या दिवशी हा वाद मिटलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलायला दम पुरेना. होळीच्या आदल्या सकाळी ती गेली.

वाहिद कुरवंड्याला आला, दिवसभर बसला. दहावं-बारावं झालं. माणसं आपापल्या कामाला लागली. कोंडाजी पुन्हा दूध घेऊन लोणावळ्याला जाऊ लागला, पण बाजारातून सरळ माघारी येऊ लागला.

चैत्रात एका सकाळी तो म्हशीखाली बसला होता आणि त्याला अचानक आठवलं. परंदवडीच. मामाच्या अंगणात, ज्वारी वाळत घातलेली होती, आणि नथू त्या ज्वारीवरून दोन पावलं टाकून बसला होता. ती बरोबर होती. कोंडाजी धार तशीच टाकून उठला, घाईनं आत गेला आणि म्हणाला, "अगं, तुजंच खरं."

चूल गार होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला. त्याला तिला अजून बरंच काही विचारायचं होतं.